माझा पैसा कोणाच्या नजरेखाली आहे? गुंतवणूकदारांसाठी केंद्राचे आणि महाराष्ट्राचे कायदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैसे अडकले की प्रत्येक जण विचारतो, ‘तक्रार कुठे करायची?’ हाच प्रश्न पैसे देण्याआधी विचारायला हवा. ज्या योजनेबद्दल तक्रार ऐकून घेणारे कार्यालय सापडत नाही, तिच्यात पैसे घालू नयेत. खालची उत्तरे शेअर, म्युच्युअल फंड, ठेवी, पतसंस्था, भिशी आणि ‘दामदुप्पट’ योजनांत पैसे गुंतवणाऱ्या सामान्य माणसासाठी आहेत. ही सर्वसाधारण माहिती आहे. तुमचे प्रकरण कोर्टात असेल तर वकिलाचा सल्ला घ्याच.

गुंतवणुकीसाठी एकच कायदा आणि एकच कार्यालय का नाही?

कारण राज्यघटनेनेच हे विषय वाटून दिले आहेत. शेअर बाजार, बँका, विमा आणि कंपन्या केंद्राच्या यादीत आहेत. सावकारी, सहकारी संस्था, कायदा आणि सुव्यवस्था हे राज्याकडे आहेत. त्यामुळे तुमच्या डिमॅट खात्यातला शेअर मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘सेबी’ या शेअर बाजाराच्या नियामकाच्या अखत्यारीत येतो, आणि गल्लीतल्या पतसंस्थेतली ठेव सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाच्या.

शेअर बाजारावर पहिला ठोस कायदा आला तो मात्र आपल्या मुंबई प्रांताचाच, १९२५ साली. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये केंद्राने रोख्यांच्या करारांविषयीचा कायदा केला आणि तो विषय दिल्लीकडे गेला. राज्याकडे उरला तो ठेवीदार, आणि सर्वात जास्त फसवणूक त्याचीच झाली.

माझा पैसा ‘रोखे’ आहे की ‘ठेव’, हे कसे ओळखू?

कुठला कायदा लागू होईल, हे बहुतेक वेळा यावरच ठरते.

शेअर, कर्जरोखे आणि म्युच्युअल फंडाचे युनिट म्हणजे रोखे. त्यांची किंमत वरखाली होते, शेअर आणि फंडात परताव्याचे वचन नसते आणि त्यांच्यावर सेबीचा अंमल असतो. ‘अमुक मुदतीनंतर इतके परत देऊ’ असे सांगून घेतलेला पैसा म्हणजे ठेव. महाराष्ट्राच्या कायद्यातली ठेवीची व्याख्या फार रुंद आहे. पैसे किंवा मौल्यवान वस्तू घेतली आणि ती रोखीत, वस्तूत किंवा सेवेच्या रूपात परत करायचे ठरवले, तर ती ठेवच. व्याज ठरलेले असो वा नसो. म्हणून सोने ठेवून घेणारा सराफ, ‘हॉलिडे पॅकेज’ देणारी कंपनी, शेळीपालनाच्या नावाने पैसे गोळा करणारी टोळी यांच्यावरही हा कायदा चालवता येतो.

तिसरा प्रकार सामूहिक गुंतवणूक योजनांचा. अनेकांचे पैसे एकत्र करून कोणीतरी सागवान लावतो, जमीन घेतो, आणि नफा वाटू असे सांगतो. गुंतवणूकदाराच्या हातात रोजचा कारभार नसतो. १९९० च्या दशकात सागवानाच्या कंपन्यांनी महाराष्ट्रातही भरपूर पैसे गोळा केले. त्यानंतर १९९९ मध्ये सेबीने अशा योजनांसाठी नियम केले आणि नोंदणी सक्तीची झाली. २०१४ च्या दुरुस्तीने आणखी एक पळवाट बुजली. कोणत्याही नियामकाकडे नोंद नसलेली आणि १०० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त जमा करणारी योजना आता आपोआप सामूहिक गुंतवणूक योजना धरली जाते. जमिनीच्या नावाने तब्बल ४९,१०० कोटी रुपये गोळा करणाऱ्या पीएसीएल कंपनीला पैसे परत करण्याचा आदेश सेबीने त्याच वर्षी दिला. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली परताव्यासाठी समिती नेमली.

त्यांच्याकडे कंपनी नोंदणी, जीएसटी, गुमास्ता परवाना, सगळे आहे. मग काय अडचण?

यातला एकही कागद लोकांकडून पैसे घेण्याची परवानगी देत नाही. कंपनी नोंदणी म्हणजे कंपनी अस्तित्वात आहे एवढेच. जीएसटी क्रमांक कर भरण्यासाठी असतो आणि गुमास्ता दुकान चालवण्यासाठी. भिंतीवर चौकटीत लावलेली ही प्रमाणपत्रे पाहून हजारो माणसांनी आयुष्याची पुंजी दिली आहे, म्हणून हे पुन्हा सांगतो: सेबी, रिझर्व्ह बँक, विमा नियामक किंवा सहकार खाते, यांपैकी नेमकी कोणाची आणि नेमकी कशासाठी परवानगी आहे ते विचारा. मग तो क्रमांक त्या नियामकाच्याच संकेतस्थळावर जाऊन तपासा. समोरच्याने पाठवलेल्या लिंकवर तपासू नका.

सेबी नेमके काय करते?

सेबीची स्थापना १९८८ ची, पण तेव्हा तिच्या हातात कायद्याचे बळ नव्हते. ते जानेवारी १९९२ मध्ये मिळाले. त्याच वर्षी हर्षद मेहताचा शेअर घोटाळा उघडकीस आला आणि नुसत्या सल्लागार मंडळाने भागणार नाही, हे सगळ्यांनाच कळले. त्याआधी कंपनीने किती भांडवल उभारायचे आणि शेअर कोणत्या भावाने विकायचा, हे सरकारी अधिकारी ठरवत. ज्या १९४७ च्या कायद्याने हे चालत असे, तो १९९२ मध्येच रद्द झाला. आता कंपनीने सगळी माहिती खरी आणि पूर्ण द्यायची, आणि भाव योग्य आहे की नाही ते गुंतवणूकदाराने ठरवायचे, अशी व्यवस्था आहे. म्हणून माहितीपत्रकावर सेबीची नजर गेली आहे याचा अर्थ ‘शेअर चांगला आहे’ असा मुळीच होत नाही.

सेबी दलाल, फंड आणि सल्लागार यांची नोंदणी करते, तपास करते, बाजारातून हद्दपार करते, लबाडीने कमावलेला नफा परत काढून घेते. आतल्या माहितीवर व्यवहार केल्यास किमान १० लाख आणि कमाल २५ कोटी रुपये किंवा कमावलेल्या नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त तिथपर्यंत दंड होऊ शकतो. फौजदारी खटल्यात १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सेबीचा आदेश मान्य नसेल तर मुंबईच्या रोखे अपील न्यायाधिकरणाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात जाता येते.

शेअर पडले आणि तोटा झाला. सेबी भरून देते का?

नाही. कायदा लबाडीपासून वाचवतो. बाजारातल्या जोखमीची जबाबदारी तो घेत नाही.

कंपनी ‘फक्त ओळखीच्यांना’ कर्जरोखे देते आहे. हे कायदेशीर आहे का?

असू शकते, पण मर्यादेत. खासगी पद्धतीने एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त व्यक्तींना रोखे देऊ केले, तर तो जाहीर प्रस्ताव ठरतो आणि सगळे जाहीर नियम लागू होतात. पूर्वी ही मर्यादा ५० ची होती. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी कोट्यवधी लोकांकडून रोख्यांच्या रूपात पैसे घेतले आणि हे ‘परिवारातले’ व्यवहार असल्याचा दावा केला. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि २४,००० कोटींहून अधिक रक्कम १५% व्याजासह परत करायला सांगितली. नात्याची, गावाची, जातीची किंवा सत्संगाची भाषा कानावर आली की आधी माणसे मोजा.

माझ्या दलालानेच माझे शेअर वापरले तर?

असे घडले आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने कार्वी स्टॉक ब्रोकिंगवर बंदी आणली ती ग्राहकांचे शेअर गहाण ठेवल्याच्या कारणावरून. त्यानंतर व्यवस्था बदलली. आता शेअर तारण द्यायचे असतील तर ते तुमच्याच डिमॅट खात्यात राहून त्यावर तारणाची नोंद होते, आणि त्यासाठी तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो. नव्या शेअरसाठी अर्ज करताना पैसे तुमच्याच बँक खात्यात अडवून ठेवले जातात, शेअर मिळाले तरच ते जातात.

तुमच्याकडून एवढेच हवे: मोबाइल क्रमांक आणि ईमेल तुमचाच द्या, दलालाच्या माणसाचा नाही. डिमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडून येणारे एकत्रित खातेपत्रक उघडून पाहा. ते दलालाकडून येत नाही, म्हणूनच त्याला किंमत आहे.

एमपीआयडी कायदा म्हणजे काय?

महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९. पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत सगळे त्याला ‘एमपीआयडी’च म्हणतात.

त्याआधी ठेवीदाराकडे काय होते? फसवणुकीची फिर्याद, म्हणजे आरोपीला शिक्षा, पण पैसे नाहीत. किंवा दिवाणी दावा, म्हणजे कोर्ट फी, वकील आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. एमपीआयडीने या दोन्हींच्या मधला मार्ग काढला. संस्थेने ठेव परत करण्यात कसूर केली की सरकार राजपत्रात अधिसूचना काढून तिची मालमत्ता जप्त करते. तेवढ्याने भागत नसेल तर प्रवर्तक, संचालक, भागीदार यांची वैयक्तिक मालमत्ताही. बायकोच्या किंवा मेहुण्याच्या नावे लबाडीने वळवलेली मालमत्ताही कोर्ट ओढून आणू शकते. उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरील दर्जाचा सक्षम प्राधिकारी ती ताब्यात घेतो, आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने विकून ठेवीदारांना वाटतो. कपटाने कसूर केल्यास ६ वर्षांपर्यंत कैद आहे.

हा कायदा सहज टिकला नाही. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो घटनाबाह्य ठरवला. बँकिंग आणि कंपन्या हा केंद्राचा विषय आहे, राज्याला त्यात अधिकार नाही, असे कारण देऊन. मग २०११ मध्ये तामिळनाडूच्या अशाच कायद्यावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचा दृष्टिकोन नाकारला. गोरगरिबांची पुंजी लुटली जात असताना त्यांचे रक्षण करणे हे राज्याचे कामच आहे, असा त्या निकालाचा रोख होता. पुढच्या वर्षी महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरला.

त्याचा आवाका किती मोठा आहे, हे नॅशनल स्पॉट एक्सचेंज या वस्तुबाजाराच्या प्रकरणात दिसले. २०१३ मध्ये तिथे सुमारे १३,००० जणांचे ५,६०० कोटी रुपये अडकले. आम्ही फक्त व्यापाराचे व्यासपीठ आहोत, ठेवी घेत नाही, असा बचाव होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पैसे आणि माल त्यांच्या हातातून गेले, परताव्याची हमी दिली गेली, म्हणून ही वित्तीय संस्थाच आहे आणि जप्ती योग्य आहे. माझ्या मते ठेवीदारांच्या बाजूने गेल्या काही वर्षांत आलेला हा सर्वात मोलाचा निकाल आहे, कारण योजनेला नाव काहीही दिले तरी कोर्ट तिचा व्यवहार पाहते, हे त्यातून पक्के झाले.

मग केंद्राच्या ‘बड्स’ कायद्याची गरज का पडली?

एमपीआयडी मुख्यतः चालतो तो कसूर झाल्यावर, म्हणजे आग लागल्यावर. अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, २०१९, म्हणजेच ‘बड्स’, हा नियामकाकडे नोंद नसलेली ठेव योजना चालवण्यालाच गुन्हा ठरवतो. कोणाचे पैसे अजून बुडालेले नसले तरी. नुसती जाहिरात करून ठेवी मागितल्या तरी १ ते ५ वर्षे कैद, प्रत्यक्ष ठेवी घेतल्या तर २ ते ७ वर्षे, आणि कपटाने बुडवल्या तर ३ ते १० वर्षे. ठेवीदारांची देणी इतर बहुतेक देण्यांच्या आणि सरकारी करांच्याही आधी भागवायची असे हा कायदा सांगतो. दिवाळखोरी आणि तारण कर्जवसुलीच्या कायद्यांचा अपवाद मात्र आहे. नातेवाइकांकडून घेतलेले उसने किंवा धंद्यातली आगाऊ रक्कम यात येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस दागिन्यांच्या दुकानासमोर गर्दी उसळली आणि गुन्हा दाखल झाला, तेव्हा कायदे दोन्ही होते. खडा घ्या आणि दर आठवड्याला परतावा मिळवा, अशी ती योजना राजरोस चालली होती. कायदा पुस्तकात असून भागत नाही. गर्दी जमण्याआधी कोणीतरी तक्रार करावी लागते, आणि ती तुम्हीही करू शकता.

पतसंस्था, सहकारी बँक, मल्टिस्टेट: सगळे सारखेच ना?

अजिबात नाही, आणि या गैरसमजाने ग्रामीण महाराष्ट्राचे फार नुकसान केले आहे.

सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि तिच्या ठेवींना विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून हा विमा प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. त्याआधी तो फक्त १ लाख होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला १,००० रुपयेच काढता येत होते. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती होऊन, बँकेवर असे निर्बंध आल्यास ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद झाली.

पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. ती बँक नाही. कॅश काउंटर, पासबुक, गणवेशातला शिपाई, सगळे बँकेसारखे दिसते, एवढेच. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी सहकारी संस्था, तर राज्याच्याही हाताबाहेर. तिचा नियामक दिल्लीतला केंद्रीय निबंधक. बीड किंवा जळगावच्या ठेवीदाराला तो गाठणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको. २०२३ च्या दुरुस्तीने अशा संस्थांसाठी सहकार लोकपाल आणला आहे.

दोन गोष्टी ठेवीदाराच्या बाजूच्या आहेत. पतसंस्था असो वा मल्टिस्टेट, एमपीआयडी तिलाही लागू होऊ शकतो. आणि सहकारी संस्थेचा सभासदही ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच स्पष्ट केले आहे.

आमची मैत्रिणींची भिशी बेकायदा आहे का?

दहाबारा जणींनी ओळखीत, कोणीही कमिशन न घेता चालवलेल्या भिशीमागे कोणी लागत नाही. पण धंदा म्हणून चालवायची तर चिट फंड कायदा, १९८२ खाली राज्याच्या निबंधकाकडे नोंद हवी. नोंदणीकृत चिटमध्ये, म्हणजे अशा भिशीत, चालकाचे कमिशन जास्तीत जास्त ७% आहे. ‘तीन माणसे जोडा, तुमचे पैसे वसूल’ ही मात्र भिशी नव्हे. साखळी योजना आणि बक्षीस चिट यांवर १९७८ पासून बंदी आहे.

पैसे ओळखीच्या एजंट ताईंनी घेतले. त्यांचेही बुडाले आहेत. त्या दोषी कशा?

हा सर्वात दुखरा प्रश्न आहे. खूपदा एजंट स्वतः ठेवीदार असतो, त्याने आपल्या आईचेही पैसे घातलेले असतात. पण बड्स कायद्यात खोटी आश्वासने जाणूनबुजून देऊन दुसऱ्याला अशा योजनेत ओढणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. ‘जाणूनबुजून’ या शब्दावर बरेच काही ठरते. एजंट असाल तर कमिशनचा हिशेब, पावत्या आणि ठेवीदारांची यादी लपवू नका. पोलिसांकडे आधी जाणारा एजंट बहुधा साक्षीदार म्हणून जातो, नंतर जाणाऱ्याकडे आरोपी म्हणून पाहिले जाते.

तक्रार कुठे आणि कशी करू?

शेअर, फंड, दलाल किंवा सूचिबद्ध कंपनीबद्दल: आधी त्या संस्थेकडे लेखी, मग सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत ही तक्रार करायला हवी. संस्थेला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर पटले नाही तर १५ दिवसांत फेरविचार मागता येतो, आणि तो दोनदा मागता येतो. त्यावरही समाधान नसेल तर ऑनलाइन समेट आणि लवादाची सोय आहे. सेबीचा मोफत दूरध्वनी १८०० २६६ ७५७५.

बुडालेल्या ठेवीबद्दल: पोलीस ठाणे, आणि रक्कम मोठी असेल तर आर्थिक गुन्हे शाखा. फिर्यादीत नुसती फसवणुकीची कलमे न लावता एमपीआयडी कायद्याचीही कलमे लावावीत, असा स्पष्ट आग्रह धरा. ती लागली नाहीत तर मालमत्ता जप्तीचा तो रस्ता उघडत नाही. एकेकट्याने जाण्यापेक्षा दहा-वीस ठेवीदारांनी एकत्र जावे.

अजून बुडाली नाही पण संशयास्पद वाटते, अशी योजना रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर कळवता येते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर दुसरे काहीही करण्याआधी १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम मधल्या खात्यात अडवता येण्याची शक्यता सर्वात जास्त असते.

मूळ पावती कोणालाही देऊ नका. ‘नूतनीकरणासाठी’ म्हणून पावत्या गोळा करणे ही बुडत्या संस्थांची जुनी खेळी आहे.

जप्तीनंतर पैसे किती दिवसांत मिळतात?

दिवसांत नाही, वर्षांत. अधिसूचना, हरकती, जप्ती कायम करणे, मूल्यांकन, लिलाव, प्रत्येक पायरीवर आव्हान दिले जाते. बँकेचे तारण असेल तर तिचाही दावा मधे येतो. आलेली रक्कम ठेवीच्या प्रमाणात वाटली जाते, म्हणून सगळे पैसे मिळतीलच असे नाही. तरीही सक्षम प्राधिकाऱ्याने मागवलेला दावा अर्ज मुदतीत भरा. थकून जाऊन अनेक वयस्क ठेवीदार तो भरतच नाहीत, आणि मग वाटपाच्या यादीत त्यांचे नावच येत नाही.

व्हॉट्सॲपवर शेअरच्या टिप्स देणाऱ्यांचे काय?

मोबदला घेऊन सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ (INA) ने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ (INH) ने. नोंदणीकृत सल्लागारालाही ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही. दलाल किंवा फंडाला यूपीआयने पैसे पाठवताना पत्त्यात ‘@’ नंतर ‘व्हॅलिड’ (valid) हा शब्द आहे का ते पाहा. ही सोय सेबीने ऑक्टोबर २०२५ पासून आणली. एखाद्या व्यक्तीच्या नावच्या बचत खात्यात ‘गुंतवणुकीचे’ पैसे मागितले, तर ते पाठवू नका.

क्रिप्टो?

नफ्यावर ३०% कर आहे, व्यवहारांना मनी लॉन्डरिंगविरोधी कायदा लागू आहे. पण कर लागतो म्हणजे संरक्षण मिळते असे नाही. तुमची तक्रार ऐकणारा सेबीसारखा नियामक इथे नाही.

मी गोव्यात राहतो. एमपीआयडी मला लागू आहे का?

गोव्याचा ठेवीदार संरक्षणाचा स्वतःचा कायदा आहे, तोही १९९९ चाच. तामिळनाडू, गुजरात, कर्नाटक यांचेही आहेत. परदेशात असाल तर सेबीकडची तक्रार तिथूनच ऑनलाइन करता येते. पोलीस फिर्याद आणि दावा अर्जासाठी मात्र इथल्या विश्वासू व्यक्तीला मुखत्यारपत्र देऊन ठेवणे सोयीचे पडते.

आजोबांच्या पेटीत जुने कागदी शेअर सापडले. ते गेले का?

गेले नाहीत. सलग ७ वर्षे लाभांश कोणी घेतला नाही तर तो लाभांश आणि ते शेअर कंपनी कायद्यानुसार केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातात, पण वारसाला ते परत मागता येतात. आधी कंपनीच्या निबंधकाकडे, म्हणजे शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, वारसाची कागदपत्रे द्या, मग निधीकडे ‘आयईपीएफ-५’ अर्ज ऑनलाइन भरा. अर्जाला शुल्क नाही. कंपनीचे नाव बदलले किंवा ती दुसरीत विलीन झाली असेल, तर आधी ती आज कोणत्या नावाने चालते ते शोधावे लागते. शेअर परत मिळतात ते डिमॅट खात्यात, म्हणून वारसाच्या नावाचे खाते आधीच उघडून ठेवा.